वॉटर रॉकेटची स्पर्धा भरवताय? आम्ही केलेल्या या चुका टाळा

वॉटर रॉकेट म्हणजे सोड्याच्या बाटलीत थोडं पाणी आणि पंपानं दाबलेली हवा भरून उडवायचं रॉकेट. इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना आम्ही गोव्यात शाळकरी पोरांसाठी पहिली स्पर्धा भरवली आणि ती दोन तासांत उरकली. सत्तरी तालुक्यातून पहिली कदंब बस पकडून आलेल्या पोरांच्या वाट्याला प्रत्येकी एकच उड्डाण. नववीतल्या एका मुलीचं रॉकेट कोलांट्या खात माडात अडकलं. "सर, परत एकदा सोडू?" तिनं विचारलं, तर आम्ही वेळापत्रक दाखवलं!

सगळ्यात मोठी चूक हीच. पोरं शिकतात ती दोन उड्डाणांच्या मधल्या अर्ध्या तासात. निदान तीन फेऱ्या ठेवा, मुलं कमी घ्यावी लागली तरी चालेल.

त्या अर्ध्या तासात उत्तर सांगू नका, हातात दोरी द्या. रिकामं रॉकेट बोटावर तोलायचं, तोल साधतो तिथं दोरी बांधायची आणि डोक्याभोवती फिरवायचं. नाक पुढे राहिलं तर ठीक. शेपूट पुढे आली किंवा रॉकेट आडवंतिडवं फिरलं, तर वजन मागे पडलंय. नाकात गणपतीच्या चित्रशाळेतली मूठभर चिकणमाती भरा, नाहीतर पंख मोठे करा. पुठ्ठ्याचे पंख आपल्या दमट हवेत मऊ पडतात, जुन्या प्लास्टिक फाइलचे कापा.

रॉकेट जेमतेम उठून आपटतंय? बहुधा पाणी जास्त झालंय. जोर दाबलेल्या हवेचा असतो, तिलाच जागा उरत नाही. एक तृतीयांश पाण्यापासून सुरुवात करून पुढे पोरांनाच कमीजास्त करू द्या.

नुसत्या उंचीवर नंबर काढाल तर कुणाच्या तरी इंजिनीअर दादाचं रॉकेट जिंकेल. आम्ही आता उंचीचा अंदाज आधी लिहून घेतो आणि ज्याची चूक कमी त्याला गुण जास्त देतो. मोजायला कोनमापकाला दोऱ्यानं टांगलेला लोखंडी नट पुरे. ४० मीटरवरून ४५ अंशांचा कोन दिसला, तर उंची ४० मीटर, त्यात बघणाऱ्याच्या डोळ्यांची उंची मिळवायची. दहावीची त्रिकोणमिती पहिल्यांदाच मैदानात उतरते.

दुपारी समुद्राकडून वारं सुटतं. पंखवालं रॉकेट वाऱ्याकडे नाक वळवतं आणि उंची गमावतं. म्हणून दुसऱ्या फेरीत क्रम उलटा करा, म्हणजे दर वेळी तीच पोरं वाऱ्यात सापडणार नाहीत.

सुरक्षेत मात्र सूट नाही. बाटली सोड्याचीच, पाण्याची पातळ बाटली फुटते. पंपाला मीटर हवा, ६० पीएसआयवर थांबायचं, खिट्टी लांबूनच दोरीनं ओढायची.

तारीख चवथ (गणेश चतुर्थी) आणि परीक्षा टाळून घ्या. ड्रोनचा मोह झाला तर आधी ड्रोन कुठे उडवता येतो हे दाखवणारा सरकारी 'डिजिटल स्काय'चा नकाशा बघा, दाबोळी नौदलाचा तळ आहे.

चषकांवर पैसे घालवण्यापेक्षा पोरांना बोगमाळोच्या नौदल हवाई संग्रहालयात न्या. तिथं सुपर कॉन्स्टेलेशन हे जुनं विमान उभं आहे. पंखांवरून दिवसभर भांडलेली आमची पोरं त्याच्या शेपटीचे तीन उभे पंख बघून पुन्हा भांडायला लागली.