पेस्ट केल्यावर मजकूर विस्कटतो तेव्हा

शिवाजी विद्यापीठात द्यायचा प्रोजेक्ट असो की घरच्या लग्नाची पत्रिका, वेबसाइटवरून उचललेला मजकूर वर्डमध्ये टाकला की अक्षरं लहानमोठी होतात, मागे करडी पट्टी येते, ओळींतलं अंतर बिघडतं. कारण मजकुरासोबत त्याचा फॉन्ट, रंग आणि मापंही येतात. म्हणून साधं पेस्ट करूच नका. राइट क्लिक करून ‘कीप टेक्स्ट ओन्ली’ निवडा. ठळक, तिरपी अक्षरं टिकवायची असतील तर ‘मर्ज फॉरमॅटिंग’ बरं. आधीच बिघडलेला भाग सिलेक्ट करून कंट्रोल आणि स्पेसबार दाबलं की अक्षरं मूळ स्टाइलवर येतात.

मराठीत खरी डोकेदुखी वेगळीच. डीटीपीवाल्याकडून आलेली फाइल कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असेल, तर फॉन्ट बदलताच ‘कोल्हापूर’च्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसतो. मजकूर गेलेला नसतो, घाबरू नका. त्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं बसवलेली असतात. अशा वेळी आधी कन्व्हर्टरने, म्हणजे मजकूर रूपांतरित करणाऱ्या साधनाने, तो युनिकोडमध्ये (देवनागरी अक्षरांना स्वतःचे संकेत देणाऱ्या प्रमाण पद्धतीत) आणा, मगच पेस्ट करा. नंतर रफार, जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी डोळ्यांनी तपासाच, चुका हमखास तिथेच राहतात.