पुढच्या अंगणातलं काम कमी करायचं तर

घरापुढच्या लॉननं माझे किती रविवार खाल्ले, याचा हिशेब मी ठेवलेला नाही. पाणी द्या, खत द्या, मग जोमानं वाढलं म्हणून कापा, कापलं म्हणून पुन्हा पाणी. एकदा मशीन बंद करून विचार केला, या गवतावर पाय ठेवतं कोण? फक्त मी, तेही कापताना. तेव्हा पहिलं काम हेच: जिथे कुणी बसत-खेळत नाही, तिथलं लॉन काढून टाका. मुलं खेळतात तेवढा तुकडा ठेवा, तोही बिनकोपऱ्यांचा. कोपऱ्यात मशीन वळत नाही आणि मग कात्री घेऊन बसावं लागतं.

लॉन काढल्यावर मी जे केलं, ते मात्र करू नका. मी मोकळ्या मातीवर काळं प्लास्टिक अंथरलं आणि वर खडी पसरली. काही महिने अंगण फोटोतल्यासारखं दिसलं. मग लव्हाळ्याची सुईसारखी टोकं प्लास्टिक भोसकून वर आली. खडीच्या फटींत धूळ आणि कुजकी पानं साचली, त्यावर आणखी तण रुजलं. उपटायला जावं तर मुळांबरोबर प्लास्टिकची लक्तरं हातात. शिवाय पाणी मुरायला वावच नाही, ते सगळं भिंतीच्या पायथ्याशी जाऊन थांबायचं.

म्हणून आधी तण निपटा. लव्हाळा नुसता ओढला तर वरून तुटतो, गाठ जमिनीत तशीच राहते आणि थोड्याच दिवसांत स्वारी परत हजर. माती ओली असताना खुरपं वीतभर खोल घाला. गाठी एका दोऱ्यात ओवल्यासारख्या असतात. एक सापडली की तो दोरा न तोडता पुढे पुढे जायचं. कंटाळवाणं काम आहे, पण यात केलेली घाई पुढे वर्षभर फेडावी लागते.

मग मातीवर पालापाचोळा किंवा झाडांच्या सालींचे तुकडे 5 ते 8 सेंटीमीटर जाड पसरा. उजेड पोचला नाही की तणाचं बरंचसं बी रुजत नाही, आणि ओलही टिकते. खोडाला मात्र हे टेकू देऊ नका, चार बोटं जागा सोडा, नाहीतर साल कुजते. आच्छादन हळूहळू मातीत मिसळतं, वर्षातून एकदा भर घातली की झालं.

काही लावण्याआधी एक जोराचा पाऊस दारात उभं राहून बघा. पाणी कुठून धावतं, कुठे तुंबतं ते कळतं. घराकडे येत असेल तर आधी उतार बाहेरच्या बाजूला काढा. ज्या वाटेनं ते जातं, तिथे गोटे टाकून उथळ ओहोळ केला की माती वाहून जात नाही आणि दिसतोही छान.

झाडं निवडताना रोपवाटिकेतलं वीतभर रोप बघून भुलू नका, त्याचा मोठेपणीचा घेर विचारा. दीड मीटर पसरणारी दोन झाडं निदान दीड मीटर अंतरावर हवीत. सुरुवातीला अंगण ओकंबोकं दिसेल. दिसू द्या. दाटी केलीत की जन्मभर छाटणी. खिडकीखाली उंच वाढणारं काही नको, हेही त्यातच आलं. प्रकार मोजकेच घ्या, पण एकेकाचे पुंजके करा, आणि ज्यांची तहान एकसारखी, ती झाडं शेजारी-शेजारी ठेवा. बोगनवेलीला लाडानं पाणी घातलंत तर पानंच पानं. जरा कोरडी ठेवली की फुलते. काटे असतात, तेव्हा वाटेपासून लांब. कण्हेर तग धरते खरी, पण पानाफुलांसकट सगळीच विषारी; घरात लहान मूल किंवा जनावर असेल तर नकोच. हंगामी फुलांची हौस दाराजवळच्या एका कुंडीत भागवा.

पहिलं वर्ष मात्र सूट नाही. रोज शिंतोडे उडवण्यापेक्षा दोन-चार दिवसांनी आळं भरून पाणी द्या, म्हणजे मुळं खोल जातात. ठिबक बसवलंत तर उत्तमच. पाणी दिल्यावर तासाभरानं खुरपं खुपसून बघा. वीतभर खाली ओल नसेल तर कमी पडलं.

लॉनचा तुकडा ठेवला असेल तर त्याच्या कडेनं विटा उभ्या गाडा, नाहीतर हरळी वाफ्यात घुसते. आता पाऊस पडून गेला की मी खुरपं घेऊन अर्धा तास फिरतो. कुंपणाच्या कोपऱ्यात लव्हाळा अजून येतोच.