घरासाठी सुती वस्तू घेताना या चुका टाळा

चादर, टॉवेल किंवा गादी घेताना वेष्टनावरच्या ‘पर्यावरणपूरक’ या शब्दावर विसंबून राहणे ही सर्वांत मोठी चूक होय, कारण हा शब्द कोणीही छापू शकतो. ‘सेंद्रिय’ असा दावा असेल तर ‘जीओटीएस’ या सेंद्रिय कापडाच्या जागतिक मानकाचे चिन्ह शोधावे आणि त्यालगतचा परवाना क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर पडताळून पाहावा. ‘सेंद्रिय’ या श्रेणीत किमान ९५ टक्के, तर ‘सेंद्रिय धाग्यांपासून बनवलेले’ या श्रेणीत किमान ७० टक्के प्रमाणित सेंद्रिय धागा लागतो. दुकानात मात्र दोन्ही ‘सेंद्रिय’ म्हणूनच विकले जातात. तरीही आंधळा विश्वास नको. २०२० मध्ये जीओटीएसच्याच संस्थेला भारतात सुमारे २०,००० टन कापूस खोट्या कागदपत्रांवर सेंद्रिय ठरवला गेल्याचे आढळले होते. त्यामुळे घाऊक खरेदी करणाऱ्याने त्या विशिष्ट मालाचे व्यवहार प्रमाणपत्र (तो प्रमाणित माल कोणी कोणाला विकला याची नोंद) मागावेच.

‘बेटर कॉटन’ (कापसाची शेती सुधारण्यासाठीचा एक उपक्रम) म्हणजे सेंद्रिय, हाही गैरसमजच. त्यात बीटी म्हणजे जनुकीय बदल केलेले बियाणे चालते आणि रासायनिक फवारणीला सरसकट बंदी नाही, ती कमी करण्यावर भर असतो. शिवाय फक्त खरेदी-विक्रीच्या वजनाचा हिशेब जुळवण्याच्या पद्धतीत जिनिंगनंतर (सरकी काढल्यावर) हा कापूस इतर कापसात मिसळता येतो; म्हणजे या पद्धतीने विकलेल्या चादरीत प्रत्यक्ष तो धागा असेलच असे नाही. मूळ देशापर्यंत माग काढता येणारा माल हवा असल्यास तसे स्पष्ट विचारावे.

कापूस कोठे पिकला हे न विचारता ‘कापूस पाणी फार पितो’ असे म्हणणेही बरोबर नाही. विदर्भातली पऱ्हाटी (कापसाचे पीक) बहुतांशी कोरडवाहू आहे. तिथला खरा प्रश्न बोंडअळी आणि फवारणीचा. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, ते अजून कोणी विसरलेले नाही.

गादीच्या बाबतीत नवीन घेण्याची घाई नडते. दबलेली गादी उसवून रुई उन्हात टाकावी आणि पिंजून पुन्हा भरून घ्यावी. आखूड, जाड तंतूची देशी रुई भरणीला चांगली असते. नवी रुई घेताना मूठभर हातात धरून ताणून पाहावी: रंगीत दोरे, कापडाचे बारीक तुकडे निघाले तर ती चिंध्या पिंजून केलेली आहे. ती वाईटच असते असे नाही, पण भाव नव्या रुईचा देऊ नये.

नवा टॉवेल पाणी टिपत नसेल तर लगेच धाग्याला दोष देऊ नका. मऊपणासाठी लावलेला थर बहुधा कारण असतो. मऊपणाचे द्रावण न घालता तो दोन-तीनदा गरम पाण्यात धुवावा. तरीही फरक पडला नाही, तर कडेचा एक दोरा चिमट्यात धरून जाळून पाहावा. सुती दोरा कागदासारखा जळतो आणि बोटाने चुरडता येणारी राख उरते; पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. आमच्या घरी ‘शंभर टक्के सुती’ म्हणून आणलेल्या टॉवेलचा असाच मणी झाला होता. पावती जपून ठेवलेली असल्याने तो दुकानदाराने बदलून दिला.