घाट चढण्यापूर्वी गाडीच्या कूलिंगची तयारी

मे महिन्यात वाईहून पसरणी घाटाने महाबळेश्वरला जायचे असेल, तर कूलिंगची तपासणी आठवडाभर आधी उरकावी, म्हणजे एखादा भाग मागवावा लागला तरी गॅरेजला वेळ मिळतो. जळालेल्या इंधनातील साधारण एक तृतीयांश उष्णता कूलंटला (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाला) वाहून न्यावी लागते. घाटात इंजिनावरचा ताण वाढतो, वेग मंदावल्याने रेडिएटरला समोरून मिळणारा वारा मात्र घटतो, आणि सपाट रस्त्यावर झाकून राहिलेली उणीव नेमकी चढावर उघडी पडते.

इंजिन पूर्ण थंड असताना टाकीतील कूलंट मिनिमम आणि मॅक्सिमम या खुणांच्या मध्ये आहे का ते पाहावे. पातळी वरचेवर उतरत असेल, तर भर घालत न बसता गळती शोधावी. पाणी मिसळायचेच झाले तर डिस्टिल्ड मिसळावे, कारण बोअरच्या पाण्यातील क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत साचतात (आणि ‘तात्पुरते’ म्हणून ओतलेले हे पाणी सहसा वर्षभर तसेच राहते).

रेडिएटरची कॅप (झाकण) हा सर्वांत स्वस्त आणि म्हणूनच सर्वांत दुर्लक्षित भाग. निम्मे ग्लायकॉल (कूलंटमधील मुख्य रसायन) व निम्मे पाणी यांचे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंश सेल्सिअसला उकळते. कॅपने सुमारे १ बार दाब धरला, की तेच १२५ अंशांच्या पुढेही उकळत नाही. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटर उंचीवर असल्याने तेथे साधे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते, तेव्हा कॅपचा रबरी वायसर कडक झालेला किंवा चिरलेला दिसल्यास कॅप विनाविलंब बदलावी.

होज पाइप (इंजिन आणि रेडिएटर जोडणाऱ्या रबरी नळ्या) अंगठ्याने दाबून पाहावेत. भेगा, फुगवटा किंवा क्लिपच्या कडेला वाळलेला पांढरट-हिरवट थर दिसला, तर पाइप तेथे झिरपतो आहे असे समजावे. फॅन बेल्टही त्याच वेळी नजरेखालून घालावा. एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या फटीत अडकलेली माती व किडे हलक्या धारेने धुवावेत, कारण जोरदार फवाऱ्याने पाती वाकतात. फॅनची परीक्षा एसी बंद ठेवून घ्यावी: एसी लावला की फॅन तसाही फिरतो, त्यामुळे तापमानाचा सेन्सर ठीक आहे की नाही हे कळत नाही. थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) काढून टाकण्याचा सल्ला मात्र मानू नये. तो नसला की इंजिन तापायला उशीर लागतो आणि इंधन वाया जाते.

डिकीत दोन लिटर पाणी आणि जाड फडके ठेवावे. चढावर तापमानाचा काटा वर सरकू लागल्यास एसी बंद करून हीटर पूर्ण गरमवर लावावा आणि सुरक्षित जागा पाहून थांबावे. वाफ किंवा गळती नसेल, तर इंजिन काही मिनिटे आयडलवर चालू ठेवावे, म्हणजे पंप आणि फॅन उष्णता काढत राहतात. वाफ दिसल्यास तत्काळ बंद करावे. वरचा होज हाताला पूर्ण थंड लागेपर्यंत कॅपला हात लावू नये, आणि मगही ती फडक्याने धरून सावकाश सैल करावी.