बंद ट्रेलरचे फाटलेले ॲल्युमिनियमचे छत कसे दुरुस्त करावे

दोन वर्षांपूर्वी नागपूरजवळच्या वाडीच्या रस्त्यावर कडुलिंबाची एक झुकलेली फांदी आमच्या बंद ट्रेलरच्या छताला लागली आणि पत्रा वीतभर फाटला. एका कारागिराने त्यावर ठिगळ ठेवून लोखंडी स्क्रू आवळले आणि वरून सिलिकॉन चोपडून दिले. पुढच्याच पावसाळ्यात गळती पुन्हा सुरू झाली. स्क्रू काढले तेव्हा प्रत्येकाभोवती पांढरी भुकटी साचलेली होती आणि भोके हरभऱ्याएवढी झाली होती. पाण्याच्या सान्निध्यात लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजते, त्याचाच हा परिणाम होता. ते ठिगळ काढून दुसऱ्यांदा जे काम केले, त्याची रीत पुढे देत आहे.

नागपुरात अशा छताचा खरा शत्रू पावसापेक्षा ऊन आहे. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावते. ६ मीटर लांबीच्या पत्र्याचे तापमान ४० अंशांनी वाढले, तर तो सुमारे साडेपाच मिलिमीटर लांब होतो, आणि मे महिन्यात पहाट ते दुपार एवढा फरक उघड्यावर उभ्या असलेल्या ट्रेलरच्या छताला रोजचाच असतो. म्हणून कडक होणारी इपॉक्सीची पुट्टी अशा पत्र्याच्या सांध्यात तडकते आणि डांबरी पट्टी दुपारी मऊ होऊन ओघळते. वेल्डिंगचा मोहही टाळावा, कारण मिलिमीटरभर जाडीचा पत्रा त्या उष्णतेने वेडावाकडा होतो आणि आतून प्लायवूड असेल तर ते पेट घेऊ शकते.

आधी गळतीची नेमकी जागा शोधावी. भर दुपारी दार लावून आत उभे राहिल्यास उजेडाचे ठिपके दिसतात. ते दिसले नाहीत, तर एकाने आत थांबावे आणि दुसऱ्याने बाहेरून पाइपाने पाणी सोडावे, मात्र खालच्या बाजूपासून हळूहळू वर सरकत. पाणी छताखालच्या आडव्या पट्ट्यांवरून वाहत जाऊन भलतीकडेच टपकते, त्यामुळे ओल दिसते तिथेच भोक असेल असे समजू नये. छतावर थेट पाय देऊ नये. दोन-तीन आडव्या पट्ट्यांवर टेकेल असा प्लायचा तुकडा टाकून त्यावर वजन द्यावे. आडव्या पट्ट्याच वाकल्या असतील किंवा फाट मीटरभराहून लांब असेल, तर ठिगळाच्या नादी न लागता पूर्ण पत्रा बदललेला बरा.

आत दबलेला पत्रा खालून लाकडी ठोकळा लावून आणि वरून लाकडी हातोडीने हलके ठोकून सपाट करावा. फाटीच्या दोन्ही टोकांना ३ मिलिमीटरचे भोक पाडावे, म्हणजे चीर पुढे सरकत नाही. जुने सिलिकॉन प्लास्टिकच्या पट्टीने खरवडून काढावे. त्याचा थर राहिला तर त्यावर नवे काहीही चिकटत नाही. नंतर बारीक पॉलिश पेपरने घासून एसीटोनच्या फडक्याने पुसावे आणि पुसलेल्या भागाला पुन्हा हात लावू नये.

ठिगळासाठी १ मिलिमीटर जाडीचा ॲल्युमिनियमचाच पत्रा घ्यावा. तो फाटीच्या चारही बाजूंना ५० मिलिमीटर पुढे जाईल असा कापून कोपरे गोल करावेत, कारण टोकदार कोपरा वाऱ्याने सर्वांत आधी उचलला जातो. ठिगळाच्या खालच्या बाजूस कडेने ब्यूटाइल टेप (मऊ, चिकट रबरी पट्टी) लावून ते जागेवर दाबावे. त्यानंतर कडेपासून १० मिलिमीटर आत, दर ४० ते ५० मिलिमीटरवर भोके पाडून ४.८ मिलिमीटरचे ॲल्युमिनियमचे पॉप रिव्हेट (मधला खिळा रिव्हेट गनने ओढून बसवायचे) लावावेत. त्यासाठी ४.९ मिलिमीटरचा ड्रिल बिट लागतो. रिव्हेट बंद तोंडाचेच मागावेत. उघड्या रिव्हेटच्या मधल्या खिळ्याशेजारून पाणी झिरपते. भोके पाडण्यापूर्वी छताखालून दिव्यांची वायर गेलेली नाही ना, हे पाहावे आणि डोळ्यांवर चष्मा असावा. ट्रेलर चालताना वारा ज्या पुढच्या कडेवर येतो, तिथे रिव्हेट थोडे जवळजवळ घ्यावेत.

शेवटी कडेवर आणि रिव्हेटच्या डोक्यांवर उन्हात टिकणारा पॉलीयुरेथेन सिलंट लावावा. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन मात्र घेऊ नये, कारण सुकताना त्यातून निघणारे आम्ल ॲल्युमिनियमला खाते. पत्रा तापलेला असताना सिलंट लावला तर त्यात फुगे येतात, म्हणून हे काम सकाळी आठच्या आत उरकावे. हा सिलंट हवेतल्या दमटपणामुळे पक्का होतो आणि आपल्याकडचा उन्हाळा कोरडा असतो. त्यामुळे डब्यावर लिहिलेल्या मुदतीपेक्षा दोन-तीन दिवस अधिक द्यावेत. जूनच्या मध्याला पाऊस येतो असे धरले, तर मेच्या अखेरीपर्यंत काम संपलेले असावे.

त्यानंतर पाइपाने पुन्हा पाणी सोडून आतून टॉर्चने पाहावे. एखाद्या रिव्हेटपाशी ओल दिसलीच, तर वरून आणखी सिलंट न थापता तो रिव्हेट ड्रिलने काढून, जागा पुसून, नवा बसवावा.