पूर ओसरल्यावर शुक्र (आभार) अदा करायचा तो असा

२०२१ मध्ये बकरी ईद २१ जुलैला आली. त्याच रात्री वाशिष्ठी नदी चढली आणि २२ तारखेला पहाटे चिपळूणची बाजारपेठ पाण्याखाली गेली. त्याच दिवशी महाड बुडालं, आणि संध्याकाळी महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून जास्त माणसं गेली. माझं माहेर महाडकडचं, सासर चिपळूणजवळचं. आमचं घर उंचावर, म्हणून आम्ही कोरडे राहिलो. "अल्हम्दुलिल्लाह, आपण वाचलो" हे त्या आठवड्यात प्रत्येक कोरड्या घरात ऐकू येत होतं. खरंच आहे ते. पण एवढं म्हणून झालं की पुढे काय? कुरआनातल्या सूरह (अध्याय) सबामध्ये प्रेषित दाऊद (अ.) यांच्या घराण्याला हुकूम आहे : शुक्र म्हणून काम करा. आमच्या जमातीच्या बायकांनी तेव्हा मदतीचं काम उचललं आणि हिशेबाच्या वह्या माझ्याकडे आल्या. त्या कामातून जे हाती लागलं ते इथे लिहिते. पुढच्या पावसात कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी जीभ सांभाळा

पूर आला की कुणीतरी म्हणतंच, हा अजाब आहे, गुनाहांची शिक्षा आहे. ज्याचं घर गेलं त्याच्यासमोर हे बोलू नका, त्याच्या पाठीमागेही बोलू नका. बुडून किंवा ढिगाऱ्याखाली सापडून मेलेल्या मोमिनाला (श्रद्धावंताला) प्रेषित मुहंमदांनी (स.) शहीदांत गणलं आहे, ही हदीस (प्रेषितांचं वचन) बुखारीच्या संग्रहात आहे. ज्याला त्यांनी शहीद म्हटलं त्याच्या गावाला आपण गुन्हेगार ठरवायचं? आणि किल्लारीचा भूकंप आठवा. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, लोक गणपती विसर्जन करून नुकते झोपले होते. आमच्या पुराच्या वेळी ईदची रात्र होती. आपत्ती कुणाचा सण आहे ते बघत नाही.

सूरह बकरामध्ये भीती, भूक, मालाचं, जिवांचं आणि पिकांचं नुकसान, या सगळ्याला परीक्षा म्हटलं आहे. ती बुडालेल्याची आहे तशी कोरड्या राहिलेल्याचीही आहे. मला विचाराल तर कोरड्याची जास्त अवघड, कारण आपली परीक्षा चालू आहे हे त्याच्या लक्षातच येत नाही.

अजाबाची भाषा आणखी एका कारणासाठी सोडायला हवी. तिच्यामुळे खरं कारण झाकलं जातं. २०१० मध्ये जानेवारीत हैतीत ७.० चा भूकंप झाला, मृतांचा आकडा लाखाच्या पार गेला. पुढच्याच महिन्यात चिलीत ८.८ चा झाला, म्हणजे कितीतरी पट मोठा, आणि तिथे पाचशेच्या आसपास माणसं गेली. चिलीत बांधकामाचे नियम कडक होते आणि पाळलेही जात होते. हैतीत गरिबांनी जमेल तसे रचलेले सिमेंटचे ठोकळे होते. किल्लारीतही दगड-मातीच्या भिंतींवरची जड माळवदं माणसांच्या अंगावर आली. जमीन हलते अल्लाहच्या हुकमाने, पण छत कुणाच्या डोक्यावर पडणार हे बरंचसं गरिबी ठरवते, आणि गरिबीत माणसांचा हात असतो. म्हणूनच कुरआन सांगतं की मालदारांच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क आहे. हक्क पोचवताना उपकाराची भाषा चालत नाही.

पूरग्रस्ताच्या दारात गेलात तर सलाम किंवा नमस्कार करा, घरातली माणसं ठीक आहेत का विचारा आणि फावडं उचला. "तुमचं निदान घर तरी उभं आहे, अमक्याचं बघा" हे वाक्य टाळा. आपल्याहून खालच्या अवस्थेतल्या माणसाकडे बघावं अशी हदीस आहे, पण ती स्वतःच्या मनाला समजावण्यासाठी आहे. रडणाऱ्याला ऐकवण्यासाठी नव्हे.

जकातीचा हिशेब पावसातच करा

बहुतेक घरांत जकात, म्हणजे वर्षाचं बंधनकारक दान, रमजानात काढतात. पूर जुलैत आला म्हणून रमजानची वाट बघत बसू नका. हजरत अब्बास (रजि.) यांना वर्ष भरण्याआधी जकात द्यायची मुभा प्रेषितांनी (स.) दिली होती. त्यामुळे येत्या वर्षाची जकात आगाऊ देता येते. वहीत तारीख आणि रक्कम लिहून ठेवा, म्हणजे रमजानात वजा करता येईल.

हिशेब अवघड नाही. बँकेतली शिल्लक, एफडीची मुद्दल, दुकानातला विक्रीचा माल आणि नक्की परत येणारी उसनवार, यांची बेरीज निसाबाच्या (जकात लागू होण्याच्या किमान मर्यादेच्या) वर असेल आणि चांद्र वर्ष झालं असेल तर अडीच टक्के. ४ लाखांवर १०,००० रुपये. निसाब साडेबावन्न तोळे चांदीचा धरतात, पण इथे एक सावधगिरी घ्या. सराफाचा तोळा आता १० ग्रॅमचा आहे आणि निसाबातला जुना तोळा साडेअकरा ग्रॅमहून थोडा जास्त. तेव्हा ६१२ ग्रॅम चांदीचा त्या दिवसाचा भाव काढा. आम्ही कोकणी मुसलमान बहुतेक शाफई. आमच्या मजहबात (धर्मशास्त्राच्या परंपरेत) बाईच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही, हनफी या दुसऱ्या परंपरेत आहे. लॉकरमधली बिस्किटं आणि नाणी मात्र दोन्हीकडे धरायची. कर्ज वजा करायचं की नाही ते आपल्या मौलानांना विचारा, त्यात मतं वेगळी आहेत.

वही करताना तीन रकाने आखा : जकात, सदका (ऐच्छिक दान) आणि व्याजाचे पैसे. जकात बहुसंख्य आलिमांच्या मते मुसलमान हकदारालाच जाते. सदका कुणालाही देता येतो, द्यावाच. बँकेच्या व्याजाची रक्कम बरेच लोक सवाबची नियत (पुण्याचा हेतू) न ठेवता काढून टाकतात. ती आम्ही संडास दुरुस्ती आणि गटार सफाईला लावली. हे तीन पैसे एकत्र केले की पुढे कुणालाच उत्तर देता येत नाही, आणि अमानतीत (विश्वासाने सोपवलेल्या पैशात) गोंधळ झाला तर माणसं पुढच्या वेळी हात आखडता घेतात.

जकात कुणाला, हा प्रश्न पुरानंतर बदलतो. बाजारपेठेतल्या एका किराणा दुकानात गल्ल्याखाली उधारीची वही सापडली. पानं एकमेकांना चिकटून लगदा झालेला, शाई पसरून सगळं निळं. गिऱ्हाइकांकडून येणं किती होतं त्याचा एकमेव पुरावा तोच. घाऊक व्यापाऱ्यांचं देणं मात्र जसंच्या तसं डोक्यावर. हा माणूस त्याच वर्षीच्या रमजानात जमातीकडे जकात देऊन गेला होता. सूरह तौबात जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत, त्यांत कर्जात बुडालेलाही आहे. पण अशी माणसं रांगेत उभी राहत नाहीत. तुम्हीच रात्री त्यांच्या घरी जा. ही जकात आहे असं घेणाऱ्याला सांगणं जरुरीचं नाही, देणाऱ्याची नियत पुरते. "भाऊ, दुकान उभं करायला ठेवा" एवढंच म्हणा आणि निघा. फोटो नको. उपकार बोलून दाखवून आणि मन दुखवून आपला सदका वाया घालवू नका, असं कुरआनात स्पष्ट आहे, आणि व्हॉट्सॲपवर टाकलेला फोटो म्हणजे बोलून दाखवणंच.

काय द्यायचं

जे तुम्ही स्वतः डोळे झाकल्याशिवाय घेणार नाही असलं निकृष्ट दुसऱ्याला देऊ नका, अशी सूरह बकरात आयत आहे. ती जुन्या कपड्यांचं गाठोडं बांधण्याआधी वाचावी. पुरात आलेल्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्यावर भिजत पडतात आणि चिखलाबरोबर तेही उपसावे लागतात.

पहिल्या दोन दिवसांत पिण्याचं पाणी आणि शिजवलेलं अन्न. आमच्याकडे ईदचे दिवस चालू होते आणि वीज गेलेली, फ्रीज बंद. मग गोश्त ठेवण्याचा प्रश्नच नव्हता, ते त्याच दिवशी शिजवून वाटायचं. बाजूला खिचडीचं पातेलं, डावही वेगळा, कारण आसपासच्या वाड्यांत न खाणारी माणसं होती आणि श्रावण तोंडावर आला होता. अन्न कुणाला जातंय हे विचारायचं नाही. सूरह दहरमध्ये गरीब, अनाथ आणि कैद्याला जेवू घालणारे म्हणतात, आम्हाला तुमच्याकडून मोबदला नको, आभारही नकोत.

तिसऱ्या दिवसापासून गरज बदलते. फावडी, घमेली, खराटे, फिनेल, गमबूट, हातमोजे, शेगडी, सतरंज्या, नवे आतले कपडे, सॅनिटरी पॅड, बॅटऱ्या. चिखलात अनवाणी उतरू नका आणि कुणाला उतरू देऊ नका. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस या तापाची) भीती असते. आरोग्य केंद्रात त्यासाठी गोळ्या देतात, डॉक्टरांना विचारून घ्या. आणि सफाईच्या उत्साहात एक गोष्ट लक्षात ठेवा : पंचनामा होईपर्यंत खराब झालेला माल फेकू नका. पाण्याची भिंतीवरची रेघ आणि प्रत्येक खोलीचे फोटो आधी काढा. भरपाई आणि विमा दोन्ही त्यावर अवलंबून असतं.

भिजलेले कुरआन लोक हातात घेऊन येतात आणि काय करावं ते त्यांना सुचत नाही. उघडून उन्हात ठेवू नका, पानं वाकडी होतात. पंख्याखाली उभे ठेवा, दर काही पानांमागे कोरा कागद घाला आणि ओला झाला की बदला. ज्यांचा लगदा झाला ते स्वच्छ कापडात गुंडाळून, पायाखाली न येणाऱ्या जागी पुरा. म्हाताऱ्या माणसांसाठी हे काम अन्नाइतकंच महत्त्वाचं असतं. शेजारच्या घरातली भिजलेली पोथी असेल तर तीही तशीच वाळवून द्या.

दूरच्यांसाठी

पाकिस्तानात २०२२ च्या पुराचा फटका सव्वातीन कोटींहून जास्त लोकांना बसला. लिबियातल्या डेर्नात सप्टेंबर २०२३ मध्ये धरणं फुटून हजारो माणसं समुद्रात वाहून गेली. या बातम्या बघून नुसतं हळहळणं मला जड जातं. शाफई फिकहचं (धर्मशास्त्राचं) मूळ मत असं की जकात आधी आपल्याच वस्तीतल्या हकदारांना द्यावी. म्हणून मी जकात जवळ ठेवते आणि दूरच्यांसाठी सदका काढते. भारतातून परदेशात पैसे पाठवणं किचकट आहे. घरातलं कुणी आखातात नोकरीला असेल तर तिथल्या नोंदणीकृत संस्थेत त्यांनी आपल्या वतीने भरावेत, हे सोपं आणि कायदेशीर.

हा सदका कुठून काढायचा? हिजरी १८ मध्ये हिजाजात (मक्का-मदिनेच्या प्रदेशात) मोठा दुष्काळ पडला, तेव्हा खलिफा हजरत उमर (रजि.) यांनी लोकांना मिळेपर्यंत तूप आणि गोश्त तोंडाला लावलं नाही, आणि दूरच्या प्रांतांतून धान्य मागवलं. दोन्ही केलं. आमच्या घरात सोमवार किंवा गुरुवारचा नफिल (ऐच्छिक) रोजा धरला की त्या दुपारच्या मासळीचे पैसे डब्यात जातात. रोजा ज्यांना झेपत नाही त्यांनी नुसती मासळी सोडावी. मुलांना सांगून करा, लपवून नको, कारण त्यांना हे दिसायला हवं.

आणि जे तुमच्या मदतीला आले त्यांचे आभार माना. जो माणसांचे आभार मानत नाही तो अल्लाहचे मानत नाही, अशी हदीस आहे. कुठल्या गावातून पाण्याचा टँकर आला, कुणी होडी दिली, कुणाची पोरं गाळ उपसायला आली, ते वहीत लिहा. पुढे त्यांच्याकडे दरड कोसळली, आग लागली, तर त्या यादीप्रमाणे निघा.

मे महिन्यात

जोराच्या पावसात प्रेषित (स.) दुआ करत की हा पाऊस आमच्या भोवती पडो, आमच्यावर नको. ढग दाटले की त्यांचा चेहरा काळजीने बदलत असे, हे त्यांच्या पत्नी हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलं आहे. आणि उंट आधी बांध, मग भरवसा ठेव, हेही प्रेषितांचंच (स.) शिकवणं. तेव्हा मे महिन्यात मोहल्ल्याची बैठक घ्या. अंथरुणाला खिळलेले, गरोदर बाया, एकटे राहणारे म्हातारे यांची घरं नोंदवा आणि प्रत्येकाला उचलून नेणारी दोन माणसं ठरवा. दोर, बॅटरी आणि होडी कुणाकडे आहे ते लिहा. मशिदीच्या भोंग्यावरून रात्री इशारा कोण देणार ते पक्कं करा. रेशनकार्ड, आधार, घराचे कागद प्लास्टिकच्या पिशवीत माळ्यावर. यादीच्या दोन-तीन प्रती मोहल्ल्यात, एक शेजारच्या वाडीतल्या काकूंकडे ठेवा. पुरात मोबाईलची रेंज जाते, तेव्हा हा कागदच हातात असतो.