कोडाचा डाग दिसला तर काय करायचं: आधी टी सेल समजून घ्या

पांढरा डाग दिसला की आपल्या नाशकात सल्ले ठरलेले, दूध आणि मासे एकत्र खाल्ले असणार, आंबट बंद कर, बावचीचं तेल चोळ. दूध-माशाचा कोडाशी संबंध नाही, हा कुष्ठरोग नाही आणि ताट-टॉवेल एक वापरल्याने तो कुणाला होतही नाही. हे घरात मोठ्यांना नीट बसवून सांगा, मुलगी लग्नाची असेल तर अजून आधी सांगा, कारण डाग लपवण्यात जे महिने जातात ना तेच उपचाराचे सगळ्यात कामाचे महिने असतात.

तर होतं काय, कातडीला रंग देणाऱ्या पेशी म्हणजे मेलानोसाइट. टी सेल म्हणजे शरीराच्या रोगप्रतिकारशक्तीतल्या पेशी, त्यांचं काम व्हायरस लागलेल्या पेशी शोधून मारायचं, पण कोडात त्यातल्या सीडी 8 प्रकारच्या टी सेल या रंगाच्या पेशींनाच शत्रू समजतात आणि मारतात. मारताना गॅमा इंटरफेरॉन नावाचा निरोप देणारा पदार्थ सोडतात, त्याने आजूबाजूची कातडी अजून टी सेलना बोलावणारे सिग्नल पाठवते, त्या येतात, परत तेच, असा डाग वाढत जातो. आणि काही टी सेल डाग भरल्यावरही त्याच जागी मुक्काम करून राहतात, म्हणून मलम बंद केलं की कित्येकांना वर्षभरात बरोब्बर जुन्याच जागी डाग येतो. लोक म्हणतात औषध खोटं निघालं, तसं नसतं हो, टी सेल तिथेच बसलेल्या असतात.

म्हणून उपचारात कामं दोन, टी सेलना गप्प करणं आणि रंग परत आणणं. नुसतं एक करून भागत नाही.

पहिलं म्हणजे डाग वाढतोय का थांबलाय ते ठरवा. मोबाईलवर दर महिन्याला त्याच उजेडात, बाजूला पट्टी ठेवून फोटो काढा. कडा धूसर असेल किंवा आजूबाजूला तांदळाच्या कणीसारखे बारीक ठिपके आले असतील तर हल्ला चालू आहे असं समजा आणि त्वचारोगतज्ज्ञांकडे लगेच जा, सिव्हिलला दाखवलं तरी चालेल पण जा. वुड्स लॅम्प म्हणजे अतिनील प्रकाशाच्या दिव्याखाली बघायला सांगा, डोळ्यांना न दिसणारे डागही त्यात दिसतात. थायरॉइडची टेस्ट पण करून घ्या, कोडासोबत तो त्रास बऱ्याच जणांना असतो.

वाढता डाग थांबवायला डॉक्टर ठरावीक दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या देतात, चेहऱ्याला बहुतेक वेळा टॅक्रोलिमस मलम. नवीन औषधं जॅक इनहिबिटर, ती इंटरफेरॉनचा निरोप मध्येच अडवतात. रुक्सोलिटिनिब क्रीमला अमेरिकेत 2022 मध्ये कोडासाठी मंजुरी मिळाली. या गटातल्या गोळ्या दुकानातून स्वतःच्या मनाने आणू नका, आधी टीबीची आणि रक्ताची तपासणी लागते.

रंग आणायला नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे 311 नॅनोमीटरचा प्रकाश, आठवड्यातून दोन-तीन वेळा आणि कमीत कमी सहा महिने तरी. कळवण, येवल्याहून दर खेपेला शहरात येणं शेतकऱ्याला जमत नाही, हे मला पटतं, मग डॉक्टरांना हातात धरायच्या छोट्या मशीनबद्दल विचारा पण मधेच सोडू नका. रंग केसांच्या मुळातून परत येतो, म्हणून चेहरा लवकर भरतो, बोटांची टोकं आणि ओठ फार हट्टी, आणि डागातले केसच पांढरे झाले असतील तर तिथे आशा कमी ठेवा. ग्राफ्टिंग, म्हणजे चांगल्या कातडीतल्या रंगाच्या पेशी डागावर लावणं, करायचं तर डाग वर्षभर तरी स्थिर हवा, नाहीतर नव्या पेशींवरही तोच हल्ला होतो.

रोजची काळजी पण याच हिशोबाने. कातडीला घासलं, भाजलं, खरचटलं की टी सेल तिथे जमतात आणि नवा डाग येऊ शकतो. परकराची नाडी सैल बांधा किंवा रुंद पट्टी लावा. द्राक्षाची छाटणी झाल्यावर डोळे फुटायला लावतात ते डॉरमेक्स लावताना ग्लोव्हज घालाच, ते कातडीला भाजतं. चिकटवायच्या टिकलीच्या गोंदातल्या एका केमिकलने पण कपाळावर पांढरा डाग पडतो, तसं दिसलं तर टिकली त्याच दिवशी बंद. बावची लावून उन्हात बसायचा प्रकार नकोच, एप्रिलच्या उन्हात फोड येतात आणि त्या फोडाच्या जागी डाग अजून मोठा होतो. घरात कुणाचं सोरायसिसचं मलम असेल तर ते पण उचलून लावू नका, तिथेही टी सेलच आहेत पण वेगळ्या, त्या कातडी भराभर वाढवतात, औषधाचा हिशोब वेगळा.

डाग भरला की मलम एकदम बंद करायचं नाही. आठवड्यातून दोनदा टॅक्रोलिमस चालू ठेवलं तर डाग परत येण्याचं प्रमाण बरंच कमी होतं, ते किती महिने ठेवायचं हे शेवटच्या व्हिजिटला डॉक्टरांकडून कागदावर लिहूनच घ्या.